छोट्या रीलला रॉड शोधताना: रेवदंड्याच्या खाडीवरचं एक प्रकरण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा ठाण्याहून रेवदंड्याला आला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून बसने घर. खांद्याला लांबलचक कापडी पिशवी आणि चेहरा पडलेला. पहिल्या पगारातून त्याने हौसेने एक स्पिनिंग रील, म्हणजे गरवायची दोरी गुंडाळायचं चक्र, घेतलं होतं, १००० नंबरचं, आकाराने छोटं. ते वडिलांच्या जुन्या रॉडवर बसवून त्याने चार रविवार खाडीवर घालवले होते. मासा सोडाच, धड फेकही लागली नव्हती.

"मामा, रीलच खराब निघालं बहुतेक. दोरी सारखी गुंतते, लूर पुढे जातच नाही आणि तासाभरात मनगट भरून येतं."

मी रील हातात घेतलं, हँडल फिरवून पाहिलं, ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरी सुटू देणारा ब्रेक, सैल करून स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली रीळ, बोटाने फिरवलं. कुठे खरखर नाही, अडखळणं नाही. "अरे, रील छान आहे तुझं. रॉड काढ बघू."

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की "१००० च्या रीलला किती फुटी रॉड घेऊ?" हा प्रश्न मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतं. त्याचं उत्तर नुसत्या फुटांत देता येत नाही. भाच्याबरोबर मी दोन दिवस तराजू, मोजपट्टी आणि उसने रॉड घेऊन बसलो, तेव्हा आम्हा दोघांनाही बऱ्याच गोष्टी नीट उलगडल्या.

पिशवीतून काय निघालं

रॉड ८ फुटी, फायबर ग्लासचा, दोन तुकड्यांचा. त्यावर लिहिलेली लूरची, म्हणजे फेकायच्या नकली आमिषाची, वजनमर्यादा १५ ते ४० ग्रॅम. दोरी ज्यांतून जाते त्यांतली पहिली कडी, म्हणजे रीलच्या सर्वांत जवळची, चांगली जाडजूड आणि मोठ्या तोंडाची. एकेकाळी याच रॉडने भाच्याच्या वडिलांनी धक्क्यावरून शिशाचा गोळा लावून शिंगाळे काढलेत. रॉड दणकट आहे, अजून वीस वर्षं टिकेल.

रीलवर भरला होता ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी. दुकानदाराने "मजबूत असू दे" म्हणून दिलेला. आणि दोरीच्या टोकाला ५ ग्रॅमचं जिगहेड, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, त्यावर बोटभर लांबीचं रबरी मासोळीसारखं आमिष.

म्हणजे तीन वस्तू तीन दिशांना तोंड करून उभ्या होत्या. लूर ५ ग्रॅमचा, रॉडला किमान १५ ग्रॅम हवेत आणि छोट्या स्पूलवर मोठ्या रीलची दोरी. यात वाईट वस्तू एकही नव्हती.

रीलने काय आधीच ठरवून टाकलेलं असतं

छोटं रील घेतलं की काही निर्णय आपण न कळत घेऊन टाकतो. पहिला निर्णय दोरीचा.

भाच्याच्या स्पूलच्या कडेला लिहिलं होतं: ०.२० मिमी – १५० मीटर. दोरी जाड झाली की लांबी व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ०.२० च्या जागी ०.३५ भरली तर १५० मीटरचे जेमतेम ४९ मीटर उरतात. बरं, लांबी एकवेळ चालून जाईल, कारण खाडीत ५० मीटरपलीकडे फारसं काम नसतं. खरी अडचण तंगुसाच्या ताठपणाची. या स्पूलचा व्यास ४२ मिलिमीटर. इतक्या छोट्या गोलाईवर जाड तंगूस गुंडाळून ठेवला की तो त्या वेटोळ्याचा आकार धरून बसतो. बेल, म्हणजे दोरी अडवून धरणारी तारेची कमान, उघडली की वेटोळी स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येतात, पहिल्या कडीवर आपटतात आणि एकमेकांत अडकतात. भाचा याला रीलचा दोष समजत होता.

आम्ही तंगूस काढून टाकला. पीई ०.६ ची विणलेली दोरी आणली, जिला गरवणारे सगळे ब्रेड म्हणतात. जपानी मोजणीत पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर धरतात, त्या हिशेबाने ०.६ ही ०.१२८ च्या आसपास येते. पाकिटावर ताकद १० पौंड, म्हणजे साडेचार किलो. एवढी बारीक दोरी १५० मीटर भरली तरी स्पूल अर्धंसुद्धा भरत नाही. म्हणून खाली आधी ०.२० चा तंगूस जवळपास ९० मीटर गुंडाळला. हा तळ नुसता जागा भरायला नसतो. ब्रेड थेट धातूच्या स्पूलवर बांधली तर ताण आल्यावर अख्खा गुंडाळा स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग कितीही आवळला तरी आवळत नाही. खाली तंगुसाचे चार वेढे जरी असले तरी ती पकड धरते.

भरताना स्पूलच्या ओठापासून दीडेक मिलिमीटर जागा मोकळी ठेवली. काठोकाठ भरलं की फेक दोन मीटरने वाढते खरी, पण गुंते दुपटीने वाढतात असा माझा अनुभव.

दुसरा निर्णय ड्रॅगचा. रीलच्या खोक्यावर कमाल ड्रॅग ३ किलो छापलेला असतो आणि नवखा माणूस तो आकडा पाहून सुखावतो. प्रत्यक्षात साखळीतला सर्वांत कमजोर दुवा किती, त्याच्या चौथाईवर ड्रॅग लावायचा असतो. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला गळाआधी जोडलेला तुकडा, ८ पौंडांचा होता, म्हणजे ३.६ किलो. चौथाई झाली ९०० ग्रॅम. बॅगा मोजायचा हुकाचा काटा घरात होता. रॉड वाकवून, दोरी काट्याला बांधून ९०० ला ड्रॅग सुटू लागेल असा लावला. रॉड वाकवूनच मोजायचं, कारण कड्यांवरच्या घर्षणाची भर त्यात धरली जाते.

आता रॉडकडे या. जी दोरी बारीक आहे आणि जिचा ड्रॅग एक किलोच्या आत सुटणार आहे, तिच्यामागे ४० ग्रॅम फेकणारा रॉड म्हणजे बैलगाडीचं जू शेळीच्या मानेवर. ९०० ग्रॅमच्या ओढीला तो जुना रॉड शेंड्याजवळ थोडासा झुकला आणि थांबला. मासा झटका देतो तेव्हा तो झटका झेलायला रॉड वाकावा लागतो. रॉड वाकला नाही तर सगळा धक्का दोरीवर आणि गाठीवर जातो.

मनगटाचा हिशेब

भाच्याच्या मनगटाचं दुखणं मला जास्त विचार करायला लावणारं वाटलं. धक्क्यावर कुणीतरी त्याला सल्ला दिला होता, "रॉड पुढून जड लागतोय ना? मग मोठं, जड रील लाव, तोल बसेल." हा सल्ला मीही कित्येक वर्षं ऐकत आलोय आणि खरं सांगायचं तर देतही आलोय. या वेळी आम्ही तो मोजून पाहिला.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. रील दोरीसकट २१० ग्रॅम. जुना रॉडही २१० ग्रॅम. मग नुसता रॉड एका बोटावर आडवा तोलून धरला आणि तो जिथे समतोल राहिला तिथे खडूने खूण केली. बुडापासून ८८ सेंटीमीटर. रीलचा पाय, म्हणजे जिथे आपला हात असतो ती जागा, बुडापासून ३६ सेंटीमीटरवर. फरक ५२ सेंटीमीटर. म्हणजे मनगटाला पुढे ओढणारा जोर २१० गुणिले ५२, १०,९२० ग्रॅम-सेंटीमीटर.

आता यात रील कुठे आलं? कुठेच नाही. स्पिनिंग रीलचा दांडा आपण दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड घेऊन धरतो, म्हणजे रील थेट हाताखाली लटकतं. हाताखालचं वजन खांद्याला जाणवेल, मनगटाला पुढे खेचणारा जोर मात्र त्याने तसूभर कमी होत नाही. ३०० ग्रॅमचं रील लावलं तर रील आणि रॉड मिळून तोलाचा बिंदू मागे येतो, हाताच्या पुढे २६ सेंटीमीटरवरून २१ वर. बोटावर तोलून बघणाऱ्याला वाटतं, वा, सुधारला. मनगटावरचा जोर तोच, १०,९२०. वर ९० ग्रॅम जास्त उचलायचे.

भाच्याने कागदावर हे स्वतः मांडून पाहिलं आणि गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मामा, रॉड हलका घेणं हाच उपाय."

हलका, आणि ज्याचं वजन हाताजवळ आहे असा. शेंड्याकडे जड कड्या असलेला हलका रॉडसुद्धा मनगट दुखवतो. बुडात वजन भरून तोल साधता येतो, काही जण तसं करतात, पण आधीच हलका असलेल्या सरंजामात ती वेळ यावी असं मला वाटत नाही.

वाळूवर तीन रॉड

दुसऱ्या दिवशी कार्तिक शुद्ध पंचमी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास पाणी पार खाली. ओहोटीची वाळू घट्ट असते, चालायला आणि मोजायला सोपी. सुरूच्या बनासमोर आम्ही रेघ आखून उभे राहिलो.

तीन रॉड होते, तिन्ही कार्बनचे. पहिला ६ फुटी अल्ट्रालाईट, १ ते ५ ग्रॅमचा, वजन ९० ग्रॅम. दुसरा मित्राकडून आणलेला ७ फुटी लाईट, ३ ते १० ग्रॅमचा, ११२ ग्रॅम. तिसरा माझा नेहमीचा ७ फुटी मिडीयम-लाईट, ५ ते १८ ग्रॅमचा, १२८ ग्रॅम. सोबत जुना ८ फुटी. रील तेच, दोरी तीच, फेकणारा भाचाच. लुरांचे गळ कापून टाकले, वाळूवर मुलं खेळत होती. प्रत्येक रॉडने पाच-पाच फेकी आणि पावलांनी मोजणी. पावलं माझी आहेत, दुसऱ्या कुणाच्या हातात आकडे वेगळे येतील, पण आपापसातली तुलना बोलकी आहे.

५ ग्रॅमला जुना रॉड सरासरी २२ पावलं गेला, अल्ट्रालाईट ३४, लाईट ३८, मिडीयम-लाईट २९. ८ ग्रॅमला जुना ३१, अल्ट्रालाईट ३३, लाईट ४७, मिडीयम-लाईट ४५.

जुन्या रॉडची लांबी सर्वांत जास्त आणि फेक सर्वांत कमी. लांब रॉडने लांब फेक जाते हे वाक्य अर्धंच खरं आहे. फेकताना रॉड मागे वाकतो आणि त्या वाकण्यात साठलेला जोर सुटताना लूर पुढे जातो. ५ ग्रॅमने तो रॉड वाकतच नव्हता, नुसता हात फिरत होता. अल्ट्रालाईटचं उलट. ५ ग्रॅमपर्यंत तो मनापासून वाकला, ८ ग्रॅम लावताच लोळागोळा झाला आणि फेक एक पाऊल मागेच आली. भाच्याने जोर लावायला सुरुवात केली तेव्हा मी त्याचा हात धरला. पातळ कार्बन मर्यादेबाहेरच्या वजनाने फेकताना तुटतो आणि तुटताना इशारा देत नाही.

तिन्ही रॉडचा मनगटावरचा जोरही मोजला. अल्ट्रालाईट २,७९०, लाईट ४,२५६, मिडीयम-लाईट ४,९९२. जुन्याच्या १०,९२० समोर हे आकडे ठेवले की तासाभराने मनगट का भरून येत होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

फेकीच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. भाचा फेकून झाल्यावर हँडल फिरवून बेल बंद करायचा. हलका लूर हवेत असताना दोरीला झोळ पडतो, त्यात वारा शिरतो आणि हँडलने बेल मिटली की पहिला वेढा सैलच बसतो. पुढच्या फेकीला तोच सैल वेढा दहा वेढ्यांना घेऊन बाहेर येतो. वाऱ्याच्या गाठी म्हणतात त्या याच. बेल हाताने मिटायची, दोरी एकदा बोटांनी ताणून घ्यायची, मग गुंडाळायला लागायचं. एवढी एक सवय लावल्यावर त्या सकाळी पुढे एकच गुंता झाला. रॉडची निवड कितीही अचूक केली तरी या सवयीची जागा तो भरून काढत नाही.

खारफुटीचा प्रश्न

आकडे पाहून भाच्याचं मन लाईट रॉडवर बसलं. माझं अजून बसलं नव्हतं, कारण वाळूवर मासे नसतात.

कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याचे दोन स्वभाव आहेत. मुखाजवळ वाळूचा तळ, उथळ आणि मोकळा. तिथे मुडदुशी चरते. तिचं तोंड लहान, टोकदार, आमिष ती टिपून घेते. ताठ शेंड्याच्या रॉडने झटका दिला की गळ तिच्या तोंडातून निसटतो, नाहीतर ओठ फाटतो. तिला मऊ शेंडा हवा. थोडं आत गेलं की काठाला खारफुटी. तिथे मुळांच्या आडोशाला तांबोशी दबा धरून असते. ती आमिष घेते आणि त्याच वळणात मुळांकडे परत फिरते. पहिल्या दोन सेकंदांत तिला वळवलं नाही तर दोरी मुळावर घासते आणि खेळ संपतो. तिच्यासाठी शेंड्याखालचा भाग कणखर हवा.

अल्ट्रालाईट मुडदुशीला उत्तम, तांबोशीपुढे हतबल. मिडीयम-लाईट तांबोशीला बरा, पण ५ ग्रॅमच्या खाली आंधळा. मी भाच्याला विचारलं, "तू दहापैकी किती वेळा खारफुटीत जाणार?"

"पाय चिखलात घालायला आवडत नाही मामा. धक्का आणि वाळूच."

प्रामाणिक उत्तर मिळालं. माणूस खरोखर कुठे उभा राहणार, यावर रॉड ठरतो. स्वप्नातल्या माशावर ठरवला की तो घराच्या कोपऱ्यात पडून राहतो. दहापैकी आठ वेळा वाळू, दोन वेळा खारफुटीची कड, हा हिशेब धरला तर ३ ते १० ग्रॅमचा लाईट रॉडच योग्य. त्याचा शेंडा लवचीक असावा, पण वाकणं वरच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबावं आणि खाली कणा लागावा. दुकानी भाषेत फास्ट ॲक्शन. पॉवर आणि ॲक्शन या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. लाईट पॉवर आणि फास्ट ॲक्शन एकाच रॉडमध्ये सुखाने नांदतात.

लांबी ७ फूटच का, ६ का नको? धक्क्यामुळे. ओहोटीला धक्क्याच्या कडेपासून पाणी खूप खाली जातं आणि कडेचे दगड शिंपल्यांनी धारदार झालेले असतात. दोरी त्या कडेपासून लांब ठेवायला एक फूट जास्त लांबीचा उपयोग होतो. होडीत बसून गरवणारा असता तर मी ६ फुटीच सांगितला असता.

पहिल्या कडीकडेही पाहिलं. स्पिनिंग रीलवरून दोरी गोल वेटोळ्यांत सुटते आणि पहिल्या काही कड्यांनी ती वेटोळी आवळत आवळत सरळ करायची असतात. मोठ्या स्पूलच्या रीलला पहिली कडी मोठी लागते. १००० च्या स्पूलमधून येणारी वेटोळी मुळातच लहान, त्यांना २० मिलिमीटरच्या आसपासची कडी पुरते आणि पुढच्या कड्या लहान, हलक्या. ब्रेड वापरणार असाल तर कडीच्या आतली रिंग सिरॅमिकची हवी. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून पाहा. तंतू अडकला तर रिंगला चीर आहे आणि ती चीर ब्रेड कापेल.

तुकड्यांचा मुद्दा बसच्या प्रवासाने सोडवला. ७ फुटी रॉड दोन तुकड्यांत साडेतीन फुटांचा होतो, बसमध्ये गुडघ्यांच्या मधे उभा राहतो. भाच्याला टेलिस्कोपिक हवा होता, कारण तो पिशवीत मावतो. मी आग्रहाने नको म्हटलं. त्यात कड्या बहुतेक जोडांवरच बसतात, त्यामुळे दोरीची वाट हवी तशी आखता येत नाही, आणि खाऱ्या वाळूचा कण जोडात शिरला की तुकडा अडकतो.

खरेदी अडीच हजारांच्या आतबाहेर झाली. दुकानात फेकून पाहता येत नाही, म्हणून मी खिशात ७ ग्रॅमचं शिसं आणि वीतभर दोरी नेली होती. शेंड्याला बांधून रॉड हळू झुलवला. शेंडा दिसेल इतका झुकला आणि दोन हेलकाव्यांत शांत झाला. पाच-सहा वेळा थरथरत राहिला असता तर घेतला नसता, तशा रॉडने दोरी कड्यांवर आपटत जाते.

पुढे काय झालं

पहिल्याच संध्याकाळी चढत्या पाण्यावर वाळूच्या कडेला भाच्याने चार मुडदुशा काढल्या. ५ ग्रॅमचं जिगहेड, त्यावर कोळंबीचा तुकडा, तळावरून अगदी सावकाश. धक्क्यावर रोज नुसत्या हातात दोरी धरून गरवणारे एक आजोबा आहेत. ते येऊन म्हणाले, "पोरा, दोरीवर बोट ठेव." भाच्याने रीलच्या पुढे तर्जनी दोरीला टेकवली आणि पुढची मुडदुशी त्याला शेंडा हलायच्या आधी बोटात कळली. हलक्या कार्बनची खरी किंमत मला त्या क्षणी पुन्हा पटली. जुन्या रॉडमध्ये ती टिचकी वाटेतच विरून गेली असती.

तिसऱ्या दिवशी खारफुटीच्या कडेला जे व्हायचं ते झालं. तांबोशीने ओढ दिली, भाच्याने घाबरून ड्रॅग आवळला, रॉड सरळ उभा केला. रॉड उभा केला की सगळा ताण शेंड्याच्या शेवटच्या वीतभर भागावर येतो आणि हलके रॉड नेमके तिथेच तुटतात. मी ओरडलो, "खाली घे, आडवा कर!" रॉड वाचला. लीडर मुळावर घासून गेला, मासाही गेला. त्या रात्री लीडर ८ चा १२ पौंडी केला. त्याची ताकद वाढवायची नव्हती, त्याला घासणं सोसायला लावायचं होतं. आता कमजोर दुवा ब्रेडची १० पौंडांची दोरी, म्हणून ड्रॅग ९०० वरून ११०० ग्रॅमवर नेला. रॉड तेवढं सहज पेलतो.

त्यानंतरच्या सकाळी त्याच जागी एक लहान जिताडा लागला, हातभरही नव्हता. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. लहान काढत गेलो तर पुढे अंडी घालायला मादीच उरत नाही. हलक्या सरंजामाला लहान मासेच जास्त लागतात, म्हणून हे मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्याने हात ओला केला, गळ चिमट्याने सोडवला आणि पाण्यात धरून ठेवला. थोड्या वेळाने तो शेपटी मारून स्वतःच निघून गेला.

परतीच्या पावसाचे ढग अजून एखाद्या संध्याकाळी डोंगरावर गडगडत होते. कार्बन वीज वाहून नेतो. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून छपराखाली जायचं आणि विजेच्या तारांखालून जाताना रॉड दोन तुकड्यांत करूनच न्यायचा, हे त्याच्याकडून वदवून घेतलं. मासा उद्याही असतो.

भाचा परत गेला तेव्हा नवा रॉड त्याच्या पिशवीत होता आणि ८ फुटी जुना माझ्या पडवीत. त्याच्यावर मी माझं ४००० चं रील बसवलं, ०.३५ चाच तंगूस भरला, ३० ग्रॅमचं शिसं लावलं आणि पौर्णिमेच्या उधाणाला धक्क्यावर नेला. पहिल्याच फेकीत तो कमरेपासून वाकला आणि शिसं पार मधल्या प्रवाहात जाऊन पडलं. अर्ध्या तासात शिंगाळा आला. भाच्याच्या वडिलांना फोन करून सांगितलं, तुमचा रॉड अजून चालतोय.